औषधाच्या वेष्टनावरील अंतिम मुदत: एका छापील ओळीचे परीक्षण

गेल्या महिन्यात घरातील औषधांचा डबा मी जुन्या वर्तमानपत्रावर उपडा केला आणि त्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक वस्तूची मुदत वाचायला बसलो. एकूण ३१ वस्तू निघाल्या. त्यांपैकी ११ वस्तूंची मुदत उलटून गेली होती आणि चार वस्तूंवर ती छापलेली असूनही भिंगाशिवाय वाचता येत नव्हती. दोन स्ट्रिपांवर तर ती उरलीच नव्हती, कारण तारीख स्ट्रिपच्या एकाच टोकाला असते आणि गोळ्या कापून घेताना नेमका तोच तुकडा दुसऱ्याच कोणाच्या घरी गेला होता. एका लहान ट्यूबच्या घडी घातलेल्या शेपटीवर अंक केवळ दाबून उमटवलेले होते. मलम पिळून काढताना ती शेपटी आम्हीच गुंडाळत नेली, आणि ट्यूब निम्मी संपेपर्यंत तारीखही त्या वळ्यांमध्ये दिसेनाशी झाली.

औषधांची परीक्षणे लिहिली जातात, औषधांच्या दुकानांचीही लिहिली जातात. मात्र ज्या एका ओळीकडे पाहून आपण गोळी तोंडात टाकायची की कचऱ्यात हे ठरवतो, त्या ओळीच्या कामगिरीकडे सहसा कोणी पाहत नाही. म्हणून हे परीक्षण त्या ओळीचे आहे. वापरणारा म्हणून मला तिच्याकडून दोनच उत्तरे हवी असतात: हे औषध अजून गुण देईल का, आणि ते अपाय तर करणार नाही ना. डब्यातील वस्तू एकेक हातात घेऊन ही उत्तरे शोधताना लक्षात आले की काही वस्तूंच्या बाबतीत ही ओळ गरजेपेक्षा कडक आहे, तर काहींच्या बाबतीत धोका व्हावा इतकी ढिली आहे.

ही तारीख ठरते कशी, हे आधी पाहिले पाहिजे. औषध बाजारात आणण्यापूर्वी उत्पादक त्याचे नमुने, विक्रीसाठी ठरलेल्या वेष्टनातच, ठरावीक तापमान आणि आर्द्रता राखणाऱ्या कपाटांत ठेवतो. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत समशीतोष्ण हवामानासाठी २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता, तर उष्ण व अतिदमट हवामानासाठी ३० अंश आणि ७५ टक्के, अशा अटी दिलेल्या आहेत. शिवाय काही नमुने ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून बिघाडाच्या वेगाचा अंदाज आधीच घेतला जातो. दर काही महिन्यांनी नमुने बाहेर काढून मूळ द्रव्य किती उरले, त्याच्या विघटनातून काय तयार झाले आणि गोळी पूर्वीइतक्याच वेगाने विरघळते का, हे तपासतात. बऱ्याच औषधांच्या बाबतीत लेबलवर लिहिलेल्या प्रमाणाच्या ९० टक्क्यांच्या खाली द्रव्य उतरता कामा नये, ही त्यातली मुख्य कसोटी असते. जितका काळ औषध या कसोट्यांना उतरल्याचा पुरावा हाती असतो तितकीच मुदत छापली जाते, आणि ती साधारणपणे दोन ते पाच वर्षांची असते. मुदतीत केवळ महिना आणि वर्ष दिलेले असेल, तर ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरायची.

याचा सरळ अर्थ असा की ही तारीख उत्पादकाच्या हमीची आहे, औषधाच्या मरणाची नाही. त्या दिवसानंतर औषधाचे काय होते हे उत्पादकाने बहुधा तपासलेलेच नसते, आणि तपासण्याचे त्याला कारणही नसते. दहा वर्षांची हमी देण्यासाठी दहा वर्षे नमुने सांभाळावे लागतील आणि त्या खटाटोपातून त्याची विक्री काही वाढणार नाही. यात कोणाचे कपट शोधण्याची गरज मला वाटत नाही. पण ज्याला जुन्या गोळीचे खरे आयुष्य जाणून घ्यायचे आहे त्याला उत्तर दुसरीकडे शोधावे लागते, एवढे मात्र खरे.

ते उत्तर शोधण्याची गरज अमेरिकेच्या लष्कराला पडली. आणीबाणीसाठी साठवलेली औषधे दर दोन-तीन वर्षांनी फेकून नवी भरण्याचा खर्च प्रचंड होता, म्हणून १९८६ मध्ये तेथील संरक्षण विभागाने अन्न व औषध प्रशासनाच्या मदतीने मुदतवाढीचा कार्यक्रम सुरू केला. त्यात मुदत संपत आलेल्या साठ्यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासून, ते कसोटीला उतरले तर त्या साठ्याची मुदत वाढवली जाई. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात १२२ औषधांच्या ३,००५ बॅचेसची माहिती होती, आणि त्यांपैकी ८८ टक्के बॅचेसची मुदत मूळ तारखेपुढे किमान एक वर्ष वाढवता आली होती. सरासरी वाढ ६६ महिन्यांची, म्हणजे साडेपाच वर्षांची होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास आणखी नवलाचा आहे. एका औषधालयात मूळ वेष्टनात न उघडता पडून राहिलेली आठ औषधे संशोधकांना मिळाली, ज्यांची मुदत संपून २८ ते ४० वर्षे लोटली होती. त्यांतील १४ द्रव्ये मोजली असता १२ द्रव्ये लेबलवरील प्रमाणाच्या किमान ९० टक्के भरली. कमी भरलेल्यांत ॲस्पिरिन होते, ज्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

हे आकडे ऐकले की, "तारीख म्हणजे नुसता बाजार आहे, खुशाल घ्या," असे सांगणारे आपल्या ओळखीत कोणी ना कोणी निघतेच. त्यांना मी एवढेच विचारतो की तुमचा डबा कोठे असतो. लष्करी साठ्यातील औषधे मूळ सीलबंद वेष्टनात आणि नियंत्रित तापमानात होती, आणि तरीही त्याच आढाव्याने एकाच औषधाच्या दोन बॅचेसमध्ये बराच फरक पडतो हे नोंदवून प्रत्येक बॅच वेळोवेळी तपासत राहण्याची गरज सांगितली होती. आपल्या घरी ना प्रयोगशाळा असते, ना तापमानाची नोंद. माझा स्वतःचा डबा कित्येक वर्षे न्हाणीघरातील आरशामागच्या कपाटात होता, जेथे दररोज सकाळी गरम पाण्याची वाफ भरते. घरात औषधे ठेवायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही, आणि तरीही ते कपाट जणू औषधांसाठीच केले आहे असे आपल्याला वाटते.

ओलावा, उष्णता आणि उजेड हे औषधाचे तीन शत्रू, आणि त्यांतील ओलाव्याचे काम मला डब्यात प्रत्यक्ष पाहायला मिळाले. ॲस्पिरिनच्या सुट्या गोळ्यांची एक बाटली होती, जिची छापील मुदत संपायला अजून चार महिने होते. झाकण उघडताच शिरक्याचा आंबूस वास नाकात भरला. ॲस्पिरिनला ओलावा लागला की त्याचे सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल यांत विघटन होते, आणि ॲसेटिक आम्लाचा वास तोच शिरक्याचा वास. गोळ्यांच्या कडा भुसभुशीत झाल्या होत्या आणि बाटलीच्या आतल्या काचेवर बारीक सुयांसारखे स्फटिक चिकटले होते. म्हणजे तारीख म्हणत होती की गोळ्या चांगल्या आहेत, आणि नाक सांगत होते की त्या गेल्या. येथे मी नाकाचे ऐकले. याच्या उलट, त्याच डब्यात पॅरासिटामॉलची न उघडलेली ॲल्युमिनियमची स्ट्रिप होती, जिची मुदत संपून दीड महिना झाला होता. प्रत्येक गोळी आपापल्या बंद खणात, कोरडी, टणक आणि पांढरीशुभ्र. या दोहोंपैकी खरोखर जुनी कोणती, हे तारीख वाचून कळले नसते.

मात्र नाक आणि डोळे यांच्यावर यापेक्षा अधिक भार टाकू नये. गोळीचा रंग बदलला, ती चिकट झाली, कॅप्सूल फुगली किंवा एकमेकींना चिकटली, मलमातून पाणी सुटले, स्वच्छ द्रव गढूळ झाला, तर ते औषध मुदतीत असले तरी फेकावे, इतपत ही परीक्षा कामाची आहे. उलट बाजूने ती मुळीच लागू पडत नाही. नायट्रोग्लिसरीन हे छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायचे औषध बाष्परूपाने उडून जाते. गोळी दिसायला जशीच्या तशी राहते आणि तिच्यातील औषध मात्र कमी होत जाते. म्हणूनच त्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतच ठेवायला सांगतात, आणि आठवड्याच्या सात खणांच्या प्लास्टिकच्या डबीत त्या भरणे ही नीटनेटकेपणाच्या हौसेपोटी केलेली घातक चूक ठरू शकते.

तारखेची खरी कसोटी लागते ती पातळ औषधांच्या बाबतीत, आणि तेथेच ती साफ नापास होते. छापलेली मुदत न उघडलेल्या वेष्टनाची असते. झाकण उघडले, सील तुटले किंवा भुकटीत पाणी मिसळले की त्या तारखेचा संबंध संपतो आणि दुसरे, पुष्कळ लहान घड्याळ सुरू होते. पण वेष्टनावर ठळकपणे दिसते ती पहिलीच तारीख. मुलांसाठीची प्रतिजैविकाची कोरडी भुकटी बाटलीत दोन वर्षे टिकते, पण एकदा पाणी घालून ढवळली की, उदाहरणार्थ ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे मिश्रण, फ्रीजमध्ये ठेवूनही उत्पादकाच्या सूचनेनुसार साधारण सात ते दहा दिवसांतच टाकून द्यावे लागते. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली उघडल्यापासून बहुधा चार आठवड्यांत टाकायची असते, कारण तिचे टोक पापणीला किंवा बोटाला लागले की जंतू आत जातात आणि आतील जंतुरोधक द्रव्याची ताकद अमर्याद नसते. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते, वापरात घेतल्यावर बहुतेक प्रकारांना सुमारे २८ दिवसांची मर्यादा असते, आणि ते एकदा गोठले तर नंतर वितळून पूर्ववत दिसले तरी वापरायचे नसते. यांतील कोणतीही गोष्ट बाटलीच्या तळाशी छापलेले महिना आणि वर्ष सांगत नाहीत. ती माहिती आतल्या घडी घातलेल्या कागदावर असते, आणि तो कागद बाटली उघडली त्याच दिवशी आपण फेकलेला असतो. माझ्या डब्यात डोळ्यांच्या थेंबांच्या तीन बाटल्या निघाल्या. तिन्ही छापील मुदतीत होत्या आणि तिन्ही कधी उघडल्या हे घरात कोणालाही आठवत नव्हते. माझ्या मते या परीक्षणातील सर्वांत गंभीर दोष हाच आहे.

आता दुसरा प्रश्न, अपायाचा. मुदत संपली की औषधाचे विष होते ही समजूत फार जुनी आणि चिवट आहे. तिला आधार देणारे प्रसिद्ध उदाहरण टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे. विघटन झालेले टेट्रासायक्लिन घेतल्याने मूत्रपिंडांच्या नलिकांना इजा झाल्याच्या घटना १९६३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदल्या गेल्या. औषध थांबवल्यावर ते रुग्ण सुधारले, आणि त्या काळच्या कॅप्सूलमध्ये असणारे, विघटनाला हातभार लावणारे सायट्रिक आम्ल पुढे वगळण्यात आले. गोळ्या-कॅप्सूलच्या बाबतीत असे दुसरे स्पष्ट उदाहरण क्वचितच सांगितले जाते. तथापि यावरून निर्धास्त होणेही बरे नाही. आम्लपित्तावर वर्षानुवर्षे सर्रास घेतले गेलेले रॅनिटिडिन एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बाजारातून काढून घ्यायला सांगितले, कारण त्यात कर्करोगकारक असण्याची शक्यता मानली गेलेली एनडीएमए नावाची अशुद्धी साठवणुकीच्या काळात वाढत जाते आणि उष्णतेत तर अधिक वेगाने वाढते, असे आढळले होते. ही वाढ नेहमीच्या साठवणुकीत, मुदतीच्या आतच होत होती, हे विशेष. आणि दूषित झालेले डोळ्यांचे थेंब किंवा इंजेक्शन अपाय करतात तो रासायनिक विघटनाने नव्हे, जंतूंमुळे; त्यासाठी मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

बहुतेक जुन्या औषधांचा खरा धोका असतो तो कमी गुणाचा, आणि तो किती मोठा हे औषधावर नाही, आजारावर ठरते. डोकेदुखीच्या गोळीत दहावा भाग कमी असला तर फार तर डोके थोडा वेळ अधिक दुखेल. थायरॉइडची, अपस्माराची किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी मात्र अशा मापाने दिलेली असते की थोडा फरकही रक्ततपासणीत आणि कधी कधी थेट रुग्णाच्या प्रकृतीत दिसतो; तेथे एक दिवसही मुदतीपलीकडे जाऊ नये. गर्भनिरोधक गोळीच्या बाबतीत "बहुधा चालेल" या शब्दांना काही अर्थ नाही. जुन्या प्रतिजैविकाच्या बाबतीत दुहेरी चूक होते: औषध कमी पडले तर जंतूंपैकी चिवट तेवढे उरतात, आणि मुळात डब्यात प्रतिजैविक उरलेच कसे, तर मागच्या वेळी कोर्स अर्धवट सोडला म्हणून.

एका प्रसंगी मात्र नियम उलटा वाचावा लागतो. तीव्र ॲलर्जीने श्वास कोंडत असताना मांडीत टोचायचे ॲड्रेनलिनचे पेन मुदत संपलेले असेल तर काय करायचे? मुदत उलटून एक ते ५० महिने झालेली अशी ४० पेने तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या सर्वांत लेबलवरील मात्रेच्या ८० टक्क्यांहून अधिक ॲड्रेनलिन शिल्लक होते. म्हणून जवळ दुसरे पेन नसेल आणि द्रव स्वच्छ दिसत असेल, तर जुने पेन न टोचण्यापेक्षा टोचणे बरे, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. जुने पेन जपून ठेवण्याची परवानगी म्हणून कोणी हे वाचू नये; नवे पेन वेळेवर आणणे हाच सरळ मार्ग आहे.

तारीख हीच एकमेव शक्य खूण असती तर मी तिच्या उणिवांवर इतके लिहिले नसते. पण याहून हुशार खूण अस्तित्वात आहे आणि ती अनेक वर्षे रोज वापरली जाते. लशीच्या कुपीवर एक जांभळे वर्तुळ आणि त्याच्या आत फिकट चौकोन असलेले छोटे लेबल असते. कुपीला जितकी उष्णता, जितका काळ लागते, तितका चौकोन कायमचा गडद होत जातो, आणि तो वर्तुळाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला की लस वापरायची नाही, मुदत काहीही असो. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीवर हे लेबल १९९६ पासून येऊ लागले. अंक वाचता न येणाऱ्यालाही ते वाचता येते. अर्थात त्याचीही मर्यादा आहे: लस गोठली होती का हे ते सांगत नाही, आणि मुदत संपली असेल तर चौकोन फिकट असूनही कुपी टाकावीच लागते. तरीही ते लेबल त्या विशिष्ट कुपीने काय सोसले हे सांगते, तर आपल्या स्ट्रिपवरील तारीख त्या स्ट्रिपने काय सोसायला हवे होते एवढेच सांगते. प्रत्येक गोळीच्या पाकिटावर असे लेबल येणे अवघड आहे हे मान्य; पण प्रत्येक दोन गोळ्यांमागे तारीख शाईने छापणे आणि उघडल्याची तारीख लिहायला बाटलीवर एक कोरी चौकट ठेवणे यात अवघड काय आहे, हे मला समजलेले नाही.

डब्याचे पुढे काय केले तेही सांगतो. मुदत संपलेल्या वस्तू, तारीख नसलेल्या स्ट्रिपा, तिन्ही थेंबबाटल्या आणि ती आंबूस बाटली वेगळी काढून जुनी औषधे परत घेणाऱ्या औषधविक्रेत्याकडे दिली. अशी सोय जवळ नसेल तर गोळ्या वेष्टनातून काढून, ओल्या मातीसारख्या नकोशा वस्तूत कालवून, बंद पिशवीतून कचऱ्यात टाकाव्यात. पातळ औषधे मोरीत ओतू नयेत, आणि सुया व दाबाखालील इन्हेलर साध्या कचऱ्यात मिसळू नयेत. पॅरासिटामॉलची ती शुभ्र स्ट्रिपही मी दिली. ती निरुपयोगी झाली होती असे मला आजही वाटत नाही; पण जे औषध केव्हाही नवे मिळते त्याच्यासाठी जुन्यावर विसंबण्याचे कारण नव्हते. उरलेल्या वस्तूंचा डबा आता शयनगृहातील कपाटात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा वरच्या फळीवर आहे. डोळ्यांच्या नव्या बाटलीवर मी उघडल्याची तारीख पेनाने लिहिली होती, पण ओल्या बोटांनी ती चार दिवसांत पुसली गेली. आता कागदी चिकटपट्टीवर तारीख लिहून वरून पारदर्शक पट्टी लावतो, आणि ती अजून टिकून आहे.